टीचरचा स्टार्ट

"स्टार्ट घे गं, स्टार्ट घे. चुकायचं ते नंतर चूक." असं म्हणून आमच्या टीचर उजव्या कानाला दोन बोटं लावायच्या आणि डोळे मिटून बसायच्या. समोर जी कोणी बाई इंग्रजी वाक्य जुळवताना घामाघूम झालेली असायची, तिचं वाक्य संपेपर्यंत ते डोळे उघडायचे नाहीत. मला आधी वाटायचं, जेवण झाल्यावर बाईंना डुलकी लागते. पण वाक्यात काही चुकलं की मिटल्या डोळ्यांखाली नाक बारीकसं हलायचं. त्यावरून कळायचं की बाई चांगल्या जाग्या आहेत.

कानाला बोटं लावायची सवय नोकरीतली. भांडुपच्या एका औषधांच्या कंपनीत त्यांनी सगळी हयात टेलिफोन ऑपरेटर म्हणून काढली. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, आणि दिवसभर याचा फोन त्याला जोडून द्यायचा. अकोल्याकडून लग्न होऊन मुलुंडला आल्या तेव्हा मॅट्रिकपुरतं इंग्रजी होतं. बाकीचं सगळं कानांनी शिकल्या. त्यामुळे त्यांचं इंग्रजी बोलायला झकास होतं, लिहायला मात्र त्या स्वतःच घाबरायच्या. शाळेत कधी शिकवलं नाही, तरी आम्ही त्यांना टीचर म्हणायचो. त्यांनी दोन-तीनदा नको म्हणून पाहिलं, मग नाद सोडला.

क्लास कसा सुरू झाला ते सांगते. आमच्या सोसायटीला लिफ्ट नाही. मी एकदा भाजीच्या पिशव्या घेऊन जिन्यात उभी होते आणि बँकेतून कोणाचा तरी फोन आला होता. पलीकडची पोरगी इंग्रजीत भडाभडा बोलत होती आणि मी नुसती "यस, यस, नो, यस" करत होते. कशाला यस म्हणत होते ते माझं मलाच ठाऊक नव्हतं. टीचर माझ्या वरच्याच मजल्यावर राहायच्या. वरून उतरताना त्यांनी ते ऐकलं, माझ्या हातातून फोन घेतला, त्या पोरीशी अगदी गोड आवाजात चार वाक्यं बोलल्या आणि फोन परत दिला.

"काहून गं सुलभा, बँकेवालीले इतकी भितेस?" त्या म्हणाल्या. टीचर एरवी आमच्यासारखंच बोलायच्या, पण रागावल्या की अकोला बाहेर यायचं. "उद्या दुपारी घरी ये."

दुसऱ्या दिवशी मी एकटी जायला लाजले, म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या सुनेला, मीनलला, बरोबर घेतलं. आम्ही दोघी रोज दुपारी कुठे जातो ते बघायला तळमजल्यावरच्या मावशी आल्या आणि बसल्याच. मावशी सत्तरी ओलांडलेल्या, कणकवलीच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, "माका नको ता इंग्लिश. मी आपली बसान ऐकतंय." नंतर आणखी चार-पाच जणी यायला लागल्या, पण शेवटपर्यंत टिकलो त्या आम्ही तिघी.

मला वाटलं होतं, माय नेम इजपासून सुरुवात होईल. टीचर म्हणाल्या, नाव तुला कोण विचारतंय, दारावर पाटी आहे. त्यांचा पहिला शब्द स्टार्ट. आणि एक शब्द घेतला की तो महिना महिना सोडायचा नाही, कपडे पिळतात तसा पिळायचा. स्टार्ट द गॅस. स्टार्ट द मिक्सर. पाणी आलं, मोटर स्टार्ट करा. आय स्टार्ट फ्रॉम मुलुंड ॲट एट, म्हणजे मी आठला निघते. मीनल म्हणाली, "म्हणजे निघण्याला पण स्टार्टच?" टीचर म्हणाल्या, "मग? घराबाहेर पाय टाकला की झालीच ना सुरुवात." मग एक दिवस त्यांनी सांगितलं की अचानक कोणी हाक मारल्यावर आपण दचकतो, त्यालाही इंग्रजीत स्टार्टच म्हणतात. मावशींना हे अजिबात पटलं नाही. एकाच शब्दाला किती कामाला लावायचं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

मी पुस्तकात बघून विचारलं, "टीचर, बिगिन आणि स्टार्ट एकच ना?" त्यांनी मान हलवली. "स्कूटर बिगिन होते का गं कधी? किक मारली की स्टार्ट होते. मशीन असेल तिथे स्टार्टच. बाकी ठिकाणी दोन्ही चालतात." मग जरा विचार करून स्वतःचीच पुस्ती जोडली, "विहारात वंदना बिगिन होते, भांडण स्टार्ट होतं." आता हे बरोबर की चूक ते मला आजही माहीत नाही. मी मात्र तसंच वापरते.

पण आम्हाला सगळ्यात आवडलं ते "डोंट यू स्टार्ट". म्हणजे, तू आता सुरू होऊ नकोस. कोणी कटकट करायला तोंड उघडलं की लगेच म्हणायचं. टीचरनी ते शिकवलं आणि आमच्या बिल्डिंगची वाट लागली. मीनलने ते नवऱ्यावर चालवलं. मी तर घरात इतकं वापरलं की माझा मुलगा आपल्या बापाला सांगायचा, पप्पा, तुम्ही काही बोलू नका, तिचं तेच येणार. मावशी इंग्रजी बोलणार नव्हत्या ना, त्याही दूधवाल्याला "डोंट यू स्टार्ट" म्हणताना मी माझ्या कानांनी ऐकल्या.

आता त्या क्लासची खरी गंमत. शब्द पिळून झाला की परीक्षा असायची, आणि परीक्षा म्हणजे फोन. टीचरच्या हॉलमध्ये खिडकीशी जुना लँडलाइन होता. तो स्पीकरवर टाकायचा आणि सगळ्यांसमोर कुठेतरी खराखुरा फोन लावून इंग्रजीत काम करून घ्यायचं. खोटं खोटं नाही. गॅसवाला, कुरियर, मुलांची शाळा, काहीही, पण काम खरं पाहिजे. मी माझ्या मुलाच्या कॉलेजात लावला होता. "व्हेन डज द टर्म स्टार्ट?" एवढं विचारायला मी ते वाक्य तळहातावर लिहून नेलं होतं. पलीकडच्या माणसाने उत्तर दिलं आणि वर मला मॅडम म्हणाला. त्या दिवशी मी घरी शिरा केला.

या परीक्षेत टीचरचा एक नियम होता. फोन लागला की त्या मधे बोलायच्या नाहीत. समोरची गडबडली, अडकली, रडकुंडीला आली, तरी नाही. नोकरीत तेच केलं होतं त्यांनी. जोडून दिलं की आपण बाजूला व्हायचं, दुसऱ्याच्या बोलण्यात तोंड घालायचं नाही. कानाला बोटं लावून, डोळे मिटून बसायच्या, बस.

इथे मला टीचरच्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं तुम्हाला कळणार नाही. त्यांना एकच मुलगा. तो ऑस्ट्रेलियात. शिकायला गेला, तिकडेच नोकरी, लग्न, एक मुलगी. टीचरचे मिस्टर वारले ते भर मे महिन्यात, सकाळी सकाळी. मुलाला फोन गेला, तो मिळेल त्या विमानाने निघाला. "मी येतोय, थांबा," एवढंच तो बोलला होता. पण ते लांबचं विमान. इकडे दीर गावाहून आले, घर लहान, उकाडा, आणि माणसं म्हणायला लागली की उद्यापर्यंत कसं ठेवणार. कोणीतरी टीचरना विचारलं, काय करायचं. टीचर भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मान हलवली आणि माणसांनी तो होकार धरला. मी तिथेच होते, त्यांच्या शेजारी. त्या मान हलवण्याचा अर्थ त्यांना तरी कळला होता का, मला शंका आहे.

मुलगा दुसऱ्या दिवशी आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. तो दारातच बॅग टाकून म्हणाला, "माझ्यासाठी थांबली नाहीस?" आईने त्याची बॅग उचलून आत नेली. वडिलांच्या जलदान विधीपर्यंत तो राहिला, सगळं रीतीने केलं, आल्यागेल्याशी नीट बोलला, आईशी मात्र कामापुरतं. मग गेला तो गेलाच. पुढची काही वर्षं फोन नाही की मेसेज नाही. टीचर त्याच्याबद्दल अवाक्षर काढायच्या नाहीत, आणि आम्हीही विचारायचो नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये कोणाच्या घरी कुठली डाळ शिजते तेही सगळ्यांना माहीत असतं, पण या विषयाला कोणी हात लावत नव्हतं.

तर मीनलची परीक्षा होती. टीचरच्या लँडलाइनवर फार खरखर यायची, म्हणून तिने फोन कंपनीला फोन करून लाइन तपासायला सांगायचं, असं ठरलं. मीनल जय्यत तयारीने आली होती. फोन लागला. पलीकडची पोरगी तिच्याहून तयारीची निघाली. तिने आधी तक्रार ऐकली, मग गोड आवाजात काय काय विचारायला लागली. शॅल वी स्टार्ट धिस, शॅल वी स्टार्ट दॅट. ओळखीचा शब्द कानावर आल्यावर मीनल खूश. प्रत्येकाला ठसक्यात, "यस, प्लीज स्टार्ट." मी आणि मावशी कौतुकाने बघत होतो. टीचरचे डोळे मिटलेले, पण नाक जरा हलत होतं. नियमाप्रमाणे त्या मधे बोलल्या नाहीत. नंतर त्यांनी मला सांगितलं, "मला वाटलं, लाइनचंच काहीतरी चाललंय. पूर्ण ऐकू कुठे आलं, खरखर होती ना."

त्या आठवड्यात एक माणूस येऊन पांढरा डबा बसवून गेला, नवीन वायर, नवीन फोन. खरखर गेली. आम्ही मीनलला पास केलं, तिने सगळ्यांना भेळ खाऊ घातली. मग एकदा मी खालून टीचरच्या घरी फोन लावला तर रेकॉर्डवरची बाई बोलली, हा नंबर अस्तित्वात नाही. मी वर गेले आणि हसत हसत सांगितलं, "टीचर, मीनलने तुमचा नंबरच बदलून टाकलाय."

टीचर हसल्या नाहीत. त्यांनी तो नवीन फोन उचलला, खाली ठेवला, परत उचलला. मग म्हणाल्या, "जुना परत मिळेल का? विचार ना. तू विचार, इंग्रजीत विचार, मराठीत विचार." मी विचारलं. मीनलने विचारलं, तिच्या नवऱ्याने ऑफिस गाठून विचारलं. मीनलच्या "प्लीज स्टार्ट"वर त्यांनी नवीन कनेक्शनच दिलं होतं, जुनी लाइन बंद झाली होती, नंबर गेला होता. कोणी काही करू शकत नव्हतं. मीनल रडायला लागली. तिला वाटलं, बाईंना जुन्या नंबरची सवय असेल. मला काही ते सवयीचं वाटेना.

संध्याकाळी मी एकटीच परत वर गेले. टीचर दिवा न लावता खिडकीशी बसल्या होत्या. मी चहा केला. चहा घेता घेता त्या आपण होऊन बोलल्या.

"त्याचे फोन यायचे गं."

"कोणाचे? मुलाचे?"

"बोलायचा नाही. बुद्धपौर्णिमेला, यांच्या वाढदिवसाला, माझ्या वाढदिवसाला. फोन वाजायचा, मी उचलायची, पलीकडून काही नाही. पण परदेशातली लाइन मी ओळखते ना, इतकी वर्षं जोडल्यात. आणि त्याचा श्वास मला कळणार नाही का. मीपण काही बोलायची नाही. तशीच धरून ठेवायची. कधी कधी बराच वेळ."

इतकी वर्षं ही बाई आमच्यासमोर हसत होती, स्टार्ट घे म्हणत होती, आणि घरात हे चाललं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. टीचर पुढे म्हणाल्या, "आता लावेल तर लागणार नाही. त्याला वाटेल, आईने नंबरच बंद करून टाकला."

"मग तुम्ही लावा ना त्याला. नंबर आहे ना?"

"पाठ आहे."

"मग?"

"काय म्हणू? सुरुवात कुठून करू सांग तू मले." अकोला बाहेर आला, पण राग नव्हता तो. "चूक त्याची असती तर दहा वेळा लावला असता. थांबले नाही ती मी. मराठीत तोंड उघडलं की रडूच येईल मला, आणि ते मला त्याच्यापुढे नकोय. उगाच त्याला ओझं."

मी समजावलं, भांडले, शेवटी डोंट यू स्टार्टसुद्धा ऐकून घेतलं आणि खाली आले. मावशींना सगळं सांगितलं. सांगायला नको होतं असं तुम्ही म्हणाल. पण मला ते एकटीच्या पोटात ठेवता येईना.

पुढच्या दुपारी मावशी क्लासला आल्या आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, "टीचर, आज माझी परीक्षा घेवा." आम्ही बघतच राहिलो. मावशींनी कमरेच्या पिशवीतून मोबाइल काढला, बहिणीचा नंबर लावला आणि स्पीकरवर टाकला. मावशींचं त्यांच्या धाकट्या बहिणीशी माहेरच्या फणसाच्या झाडावरून वाजलेलं होतं, हे मला माहीत होतं. मीनलच्या लग्नाच्याही आधीपासून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या.

"कोण गो?" पलीकडून आवाज आला.

मावशी ताठ बसल्या. "सिस्टर. आय स्टार्ट टॉकिंग. यू ऑल्सो स्टार्ट."

पलीकडे काहीतरी भांडं आपटलं. मग, "गो, इंग्लिशीत कित्याक बोलतस? मरणाक टेकलस काय?" आणि मग ती बहीण हसायला लागली, मावशी हसायला लागल्या, आणि त्यानंतर मालवणीत जे काही सुरू झालं ते संपेचना. फणस निघाला, भावजय निघाली, कोणाचे तरी गुडघे निघाले. शेवटी मावशींनी फोन ठेवला, पदराने तोंड पुसलं आणि टीचरकडे बघून म्हणाल्या, "मालवणीत बोललंय असतंय तर पयली गाळच इली असती. इंग्लिशीत माका गाळी येनत नाय."

शिव्यांचं हे गणित ऐकून आम्ही पोट धरून हसलो. टीचर पण हसल्या. मग हळूहळू थांबल्या. घड्याळाकडे बघितलं. तिकडे संध्याकाळ झाली असेल, असं स्वतःशीच पुटपुटल्या. त्यांनी चष्मा चढवला, तो नवीन फोन पुढ्यात ओढला आणि नंबर दाबायला लागल्या. मी म्हटलं, "आम्ही जातो टीचर." त्या म्हणाल्या, "बसा. परीक्षा सगळ्यांसमोर असते." आणि स्पीकरचं बटण दाबलं.

पलीकडे फोन उचलला गेला. "हॅलो?"

टीचरनी कानाला दोन बोटं लावली. आणि असा आवाज निघाला, जो मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता. स्वच्छ, मऊ, वय नसलेला. कंपनीत तोच आवाज असणार त्यांचा. "गुड इव्हनिंग. धिस इज अ कॉल फ्रॉम मुलुंड, मुंबई. आवर टेलिफोन नंबर हॅज चेंज्ड. प्लीज नोट द न्यू नंबर." आणि त्यांनी नवीन नंबर एकेक आकडा सुटा करून सांगितला. पलीकडून काही नाही. त्यांनी परत सगळा नंबर सांगितला, तसाच सावकाश.

पलीकडे दूर एक लहान मुलगी इंग्रजीत विचारत होती, कोण आहे डॅडी. आणि तो तिला म्हणाला, "इट्स माय मदर."

मग फोनमध्ये त्याचा आवाज जवळ आला. "आई. मराठीत बोल ना."

टीचरचा तो स्वच्छ आवाज तिथेच मोडला. "मी थांबायला पाहिजे होतं रे," त्या म्हणाल्या. "तू थांबा म्हणालास आणि मी थांबले नाही." आणि ज्याला त्या घाबरत होत्या ते रडू आलंच. तोही रडत होता बहुतेक, कारण "आई, ऐक ना, आई" याच्यापुढे त्याचं वाक्य जात नव्हतं. मी मीनलला खूण केली, मावशींना हाताला धरून उठवलं आणि आम्ही चपला हातात घेऊन बाहेर आलो. जिन्यात मावशी खाली बसल्या आणि त्यांनी माझ्या पदराला नाक पुसलं.

त्यानंतर दर रविवारी तो फोन करायचा आणि बोलायचा. पुढच्या वर्षी बायको-मुलीला घेऊन आला. ती पोर क्लासला येऊन आमच्यात बसली आणि आमचं इंग्रजी ऐकून इतकी हसली की मावशींनी तिला डोंट यू स्टार्ट म्हणून दटावलं. सगळं मिटलं असं मी म्हणणार नाही. तो वडिलांच्या फोटोसमोर उभा राहिला की टीचर उठून स्वयंपाकघरात जायच्या, हे मी बघितलंय. बापाला शेवटचं बघायचं राहिलं होतं ते राहिलंच होतं, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. पण मायलेक एकत्र बसून जेवत होते, वादही घालत होते, आणि आम्हाला तेवढं पुरेसं होतं.

टीचर गेल्या त्या गेल्या हिवाळ्यात, पहाटे झोपेत. दूधवाल्याने बेल वाजवली, दार उघडलं नाही, माझ्याकडे किल्ली होती. त्या खोलीत शिरल्यावर मला काय वाटलं ते मी इथे सांगत नाही. मी पहिलं काय केलं, तर त्याला फोन लावला. तो एवढंच म्हणाला, "काकू, मी निघालो."

दुपारी दीर आले, जाऊ आली, नात्यातली माणसं जमली. वयस्कर दिरांनी नेहमीचं सुरू केलं, किती वेळ ठेवायचं, त्याचं विमान कधी सुटणार, कधी पोचणार, आपण आपलं उरकून घेऊ. त्यांचंही काही वाईट नव्हतं मनात, म्हाताऱ्या माणसांना अशा वेळी घाई होते. मी म्हटलं, दादा, नाही. मीनलचा नवरा काचेची थंड पेटी घेऊन आला होता, चौघांनी ती जिन्यातून कशीबशी वर चढवली आणि टीचरना तिच्यात ठेवलं. तरी कुजबुज थांबेना. तेव्हा मावशींनी एक खुर्ची मागवली आणि ती हॉलच्या दारात आडवी टाकून बसल्या.

"तिचो झील येवंदे," त्या म्हणाल्या. "मगे काय ता करा."

इतक्या म्हाताऱ्या बाईला ओलांडून कोण जाणार. दिवस सरला. मीनलने सगळ्यांसाठी खिचडी लावली. दिरांनी शेवटी पेटीजवळ सतरंजी अंथरली आणि तेच वहिनीच्या उशाशी बसून राहिले. मी आणि मीनल आळीपाळीने जागलो. मावशींना मी दोनदा घरी जाऊन पडा म्हटलं, पण त्यांनी खुर्ची सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं जिन्यात आली तेव्हा खाली टॅक्सीचं दार वाजलं. तो धावत वर आला नाही. एकेक पायरी चढत आला, पाठीवर बॅग, डोळे सुजलेले, आणि दाराच्या अलीकडेच उभा राहिला. आत बघायची त्याची हिंमत होत नव्हती. दारात मावशींच्या खुर्चीशेजारी मी उभी होते. माझ्याकडे बघून त्याने हळू आवाजात विचारलं,

"काकू, आई आहे अजून?"

"आहे रे," मी म्हटलं. "तुझ्यासाठीच थांबलीय."